दुखरा, आखडलेला सांधा कायरोप्रॅक्टर कसा शोधतो आणि मोकळा कसा करतो : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कायरोप्रॅक्टर आहे आणि नागपुरात काम करते. खालचे प्रश्न पेशंट रोज विचारतात. काही खोलीत शिरताना, काही टेबलावर पालथं झोपल्यावर, आणि काही निघताना दारात थांबून. दारातले प्रश्न बहुधा मनातले असतात, म्हणून तेही घेतले आहेत.

कायरोप्रॅक्टर म्हणजे नक्की कोण? हाडवैद्य की फिजिओ?

हात तिघांचेही चालतात, पण वाटा वेगळ्या आहेत. कायरोप्रॅक्टिकची सुरुवात १८९५ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डेव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर यांनी केली. ग्रीक भाषेतले ‘हात’ आणि ‘कृती’ असे दोन शब्द जोडून हे नाव झालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे याचा पूर्ण अभ्यासक्रम किमान ४,२०० तासांचा असावा आणि त्यातले निदान एक हजार तास देखरेखीखाली पेशंट तपासण्यात जावेत.

आपल्या देशात मात्र कायरोप्रॅक्टरसाठी वेगळी वैधानिक परिषद नाही. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टची नोंदणी राज्याच्या परिषदेत होते, तशी आमची होत नाही. त्यामुळे दोन दिवसांचं शिबिर करूनही कोणी पाटी लावू शकतो. पदवी कुठली, किती वर्षांची, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. विचारल्यावर जो चिडेल, त्याच्या टेबलावर झोपू नका.

हड्डी सरकली आहे, तेवढी बसवून द्या ना जी.

हे वाक्य मी सर्वांत जास्त ऐकते, आणि त्यात पेशंटची काहीच चूक नाही. आमच्याच व्यवसायाने कितीतरी वर्षं लोकांना हेच सांगितलं. खुद्द पामर यांचीही तीच कल्पना होती.

पण वाकल्याने किंवा वेडंवाकडं झोपल्याने मणका जागचा हलत नाही. अपघातात खरोखर निखळला, तर ते ऑर्थोपेडिक सर्जनचं काम आहे, हाताने दाबायचं नाही. एक मणका दुसऱ्यावर पुढे घसरलेला असणं हा वेगळा आजार. तो एक्स-रेमध्ये दिसतो, आणि तोही दाबून मागे जात नाही. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात दहा पेशंटच्या कंबरेखालच्या सांध्यावर, म्हणजे माकडहाडाच्या वर कण्याचं त्रिकोणी हाड कटीच्या हाडाला मिळतं त्या सांध्यावर, उपचार केले आणि अतिशय बारीक मोजमाप करणाऱ्या एक्स-रे पद्धतीने हाडांची जागा आधी व नंतर तपासली. हाताने केलेल्या तपासणीत फरक पडला होता. हाडं होती तिथेच होती.

म्हणून मी ‘बसवलं’ हा शब्द वापरत नाही. आपली हाडं जागची सुटली आहेत असं एकदा मनात बसलं, की माणूस वाकायला घाबरतो, आणि त्या भीतीनेच कंबर आणखी आखडते. हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की या एका शब्दाबाबत मी हट्टी झाले आहे.

मग आखडलेला सांधा म्हणजे काय?

पावसाळ्यात फुगलेलं लाकडी दार आठवा. ते चौकटीतून निघालेलं नसतं, असतं जागच्या जागीच, फक्त पूर्ण उघडत नाही.

आपल्या कण्यात हलणारे मणके चोवीस : मानेत सात, पाठीत बारा, कंबरेत पाच. एकावर एक बसलेल्या दोन मणक्यांमध्ये पुढे गादी असते आणि मागे डाव्या-उजव्या बाजूला दोन छोटे सांधे असतात. त्यांच्याभोवती पिशवीसारखं आवरण असतं आणि त्यात मज्जातंतू भरपूर असतात. हे आवरण ताणलं गेलं, चिडलं, की आजूबाजूचे स्नायू राखणीला उभे राहिल्यासारखे घट्ट होतात. सांधा हलायचा थांबतो. हलला नाही की आणखी ताठरतो.

एप्रिल-मे महिन्यात आमच्याकडे हे कसं येतं ते सांगते. रात्री कूलरमध्ये पाणी टाकायचं असतं. बादली एका हातात, कंबर अर्धी वाकलेली आणि वरून वळलेली, कारण कूलर खिडकीबाहेर आणि बाई पलंगावर गुडघा टेकून. बादली रिकामी करून सरळ होताना कंबरेत चमक भरते. दुसऱ्या दिवशी त्या बाई भिंतीला धरून चालत येतात.

नुसत्या बोटांनी तुम्हाला कसं कळतं?

पेशंट आत चालत येतो तिथूनच तपासणी सुरू होते. वाकताना कंबर कुठे थांबते, वर येताना मांडीचा आधार घ्यावा लागतो का, मागे वळून बघायला मान वळते की सगळं अंगच, हे आधी पाहते.

मग पालथं झोपवून खुणा शोधते. मान खाली घातल्यावर जो मणका ठळक वर येतो, तो बहुधा मानेचा सातवा. खांद्याच्या पात्याचं खालचं टोक पाठीच्या सातव्या मणक्याच्या आसपास येतं. दोन्ही बाजूंच्या कटीच्या हाडांच्या वरच्या कडा जोडल्या तर रेघ कंबरेच्या चौथ्या मणक्याजवळून जाते. या खुणांवरून मी कुठे आहे ते मला कळतं.

आता बोटं कण्याच्या दोन्ही बाजूंनी हळूहळू खाली सरकतात. हाताखाली मी चार गोष्टी शोधत असते. कुठे दाबलं की दुखतं. डावी-उजवी बाजू सारखी लागते का. सांधा हलतो किती. आणि वरची कातडी, स्नायू कसे लागतात : दोरीसारखे ताठ, सुजल्यासारखे मऊ, की शेजारच्या भागापेक्षा गरम.

हालचाल तपासताना सांधा हलकेच त्याच्या टोकापर्यंत नेते आणि तिथे किंचित दाबते. निरोगी सांधा त्या टोकालाही थोडा लवतो, पिकलेल्या संत्र्यावर अंगठा दाबावा तसा. आखडलेला सांधा लवकर अडतो, हिरव्या संत्र्यासारखा कडक लागतो.

प्रत्येक भागाची चाल मात्र वेगळी. मान जेवढी वळते त्यातलं जवळपास निम्मं वळणं एकट्या वरच्या दोन मणक्यांमध्ये होतं. म्हणून डोकेदुखी मानेतून चढते असा संशय असेल तर तुमची हनुवटी छातीला टेकवून मग डोकं वळवते, म्हणजे खालचे सांधे अडकतात आणि वरच्यांचंच वळणं उरतं. प्रत्येक बाजूला साधारण चाळीस-पंचेचाळीस अंश मिळायला हवेत. एका बाजूला पंचविसातच अडलं आणि नेहमीची डोकेदुखी जागी झाली, तर दिशा सापडली. कंबरेचे सांधे याच्या उलट : पुढे-मागे चांगले वाकतात, वळतात मात्र प्रत्येकी जेमतेम दोन-तीन अंश. तिथे वळणं शोधण्यात अर्थ नाही.

बोटं चुकत नाहीत का?

चुकतात. हे आमच्या लोकांनी मोकळेपणाने सांगायला हवं.

दोन अनुभवी तपासनीसांना एकाच पेशंटची पाठ दिली आणि ‘कुठला सांधा आखडला आहे’ असं विचारलं, तर त्यांची उत्तरं बऱ्याचदा जुळत नाहीत. ‘कुठे दाबल्यावर दुखतं’ असं विचारलं, तर ती पुष्कळ जास्त जुळतात. वेगवेगळ्या अभ्यासांतून हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे. कारण उघड आहे : ताठरपणा माझ्या बोटांना वाटतो, दुखणं तुम्हाला कळतं.

म्हणून माझ्या तपासणीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग बोटं नाहीत, एक प्रश्न आहे : “हेच का ते?” जोरात दाबलं तर कोणाचीही पाठ दुखेल. मला ते नकोय. ज्या दुखण्यासाठी तुम्ही आलात तेच दुखणं, त्याच जागी, त्याच जातीचं माझ्या बोटाखाली उठलं, तर तो सांधा किंवा तो स्नायू माझ्या कामाचा. “दुखतंय, पण हे वेगळंच आहे” असं तुम्ही म्हणालात, तर मी पुढे सरकते. कंबरेखालच्या सांध्यासाठी तर वेगवेगळ्या दिशांनी दाबायच्या ठरावीक चाचण्या आहेत. त्यांतल्या किमान तीन चाचण्यांनी तुमचं ओळखीचं दुखणं उठवलं तरच त्या सांध्यावर बोट ठेवायचं.

आपल्याकडे, विशेषतः वयस्कर माणसं, डॉक्टरांसमोर दुखणं दाबून ठेवतात. आजोबा दात आवळून पडून राहतात आणि विचारलं तर म्हणतात, “काही नाही, चालू द्या.” त्यांना मी दर वेळी सांगते, काकाजी, तुम्ही गप्प राहिलात तर मी आंधळी आहे. तुम्ही बोललात तरच मला दिसतं.

दुखतं कंबरेत, तुम्ही खुबा काय तपासता?

याचं उत्तर माझ्या एका चुकीत आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका कारखान्यात काम करणारा विशीतला मुलगा आला होता. कंबर दुखते म्हणाला. कंबरेचा खालचा सांधा दुखरा होता, मी त्यावर दोन वेळा उपचार केले. काही तास बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तो मोजे घालत असताना मी पाहिलं : पाय वर घ्यायला तो दोन्ही हातांनी मांडी उचलत होता. उताणं झोपवून खुबा आत वळवला तर तो कळवळला. घरात कोणाला सिकलसेल, म्हणजे रक्ताचा तो आनुवंशिक आजार, आहे का, असं विचारलं. बहिणीला होता. त्याची स्वतःची तपासणी कधी झालीच नव्हती. त्याच दिवशी त्याला हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. एमआरआयमध्ये दिसलं की मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटत चालला होता.

विदर्भात सिकलसेल पुष्कळ घरांत आहे, आणि खुब्याचं हाड सुकणं हा त्याचा माहीत असलेला त्रास. सुरुवातीला साध्या एक्स-रेत तो दिसतही नाही. हा प्रश्न मी पहिल्याच भेटीत विचारायला हवा होता. आता माझ्या फॉर्मवर तो वयाच्या खालच्याच ओळीत छापला आहे, आणि कंबरेच्या प्रत्येक पेशंटचा खुबा पहिल्या दिवशी तपासला जातो.

उपचार म्हणजे तो ‘कट्ट’ आवाज का?

नाही. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो. सांध्याचे पृष्ठभाग झटक्याने दूर झाले की आतला दाब उतरतो आणि द्रवात वायूची पोकळी तयार होते. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात २०१५ मध्ये बोटाचा सांधा एमआरआय चालू असताना ओढून हे प्रत्यक्ष टिपलं गेलं. हाडावर हाड घासल्याचा तो आवाज नाही. एकदा आवाज आला की तोच सांधा साधारण वीस मिनिटं पुन्हा वाजत नाही.

सांध्याला हाताने दिलेला झटका खूप छोटा असतो, सेकंदाच्या पाचव्या भागापेक्षाही कमी वेळाचा. जोर कमी आणि वेग जास्त. आणि आवाज अनेकदा मी नेम धरलेल्या सांध्यातून न येता शेजारच्यातून येतो. आवाज न येता पेशंट मोकळा वाकून गेलेला मी पाहिला आहे, आणि तीन-चार कडकडाट होऊनही काडीचा फरक न पडलेलाही. मोबाइलवर माइक लावून केलेले व्हिडिओ बघून कोणी “तसा आवाज काढा” म्हणतं, तेव्हा मला काळजी वाटते. आवाजाच्या मागे लागून जोर वाढवत गेलं की इजा होते.

यश मी वेगळं मोजते. उपचाराआधी जी हालचाल अडत होती, तीच लगेच पुन्हा करायला लावते. कमी दुखलं, जास्त वळलं, तर बरोबर जागा मिळाली. नाही, तर माझा अंदाज चुकला आणि पुन्हा शोधायचं.

झटक्याशिवाय उपचार होत नाही का?

होतो. सांधा लयीत, हळूहळू हलवत नेता येतो, त्यात तुम्ही कधीही “थांबा” म्हणू शकता. टेबलाचा एक भाग दाब दिला की किंचित खाली पडतो, त्याने बरंच काम होतं. कंबरेसाठी टेबल खाली-वर झुलवत हलका ताण देता येतो. स्प्रिंगचं एक छोटं उपकरणही असतं. ताठ स्नायूवर अंगठा रोखून ठेवला तरी कधी कधी सांधा आपसूक सैल होतो.

मान फिरवायची भीती वाटते.

भीती अगदीच निराधार नाही. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या धमनीच्या आतल्या थराला चीर पडून पक्षाघात झाल्याच्या घटना मानेच्या झटक्यानंतर नोंदल्या गेल्या आहेत. हे फार क्वचित होतं. पण झालं तर आयुष्य बदलतं, त्यामुळे ‘क्वचित’ म्हणून मी ते लपवत नाही.

त्यातली गुंतागुंत अशी की कधी कधी चीर आधीच पडलेली असते आणि तिचं पहिलं लक्षण मानदुखी किंवा डोकेदुखी हेच असतं. म्हणून आयुष्यात कधी झाली नाही अशी अचानक, तीव्र मानदुखी किंवा डोकेदुखी असेल, किंवा सोबत चक्कर, एकाचे दोन दिसणं, बोबडी वळणं, गिळायला त्रास, चेहरा सुन्न होणं किंवा चालताना तोल जाणं यांपैकी काहीही असेल, तर माझ्याकडे येऊ नका. मेडिकल, मेयो, जे जवळ असेल त्या मोठ्या रुग्णालयाच्या इमर्जन्सीत जा.

मानेला झटका नको, असं सांगायला तुम्हाला कारण द्यावं लागत नाही. आणि कळकळीची विनंती : दाढी-कटिंग झाल्यावर सलूनमध्ये चंपी खुशाल करून घ्या, पण मान मोडून घेऊ नका.

कोणाला तुम्ही हातच लावत नाही?

लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, बसायची जागा सुन्न झाली, पायातला जोर झपाट्याने गेला : हे तासांत गाठायचं ऑपरेशनचं काम असू शकतं, थेट हॉस्पिटल. ताप, रात्रीचा घाम आणि वजन उतरत असताना पाठ दुखते, तर मणक्याचा टीबी आधी तपासायचा. तो आपल्याकडे अजून आहे. कॅन्सर होऊन गेलेला असेल, पडझड झाली असेल, हाडं ठिसूळ असतील किंवा बरेच महिने स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील, तर झटका नाही. रक्त पातळ करणारी औषधं घेत असाल तर आधी सांगा.

पायाळू माणसाने लाथ लावली की उसण जाते. ते खोटं का?

कंबरेची साधी चमक बरेचदा काही दिवसांत आपली आपणच उतरते. ज्या दिवशी पायाळू माणूस भेटला, श्रेय त्याला जातं. पाय हळू लावत असतील तर माझं भांडण नाही. म्हाताऱ्या माणसाच्या ठिसूळ कण्यावर लाथ मारू देऊ नका.

आधी एमआरआय काढून आणू का?

वरची धोक्याची लक्षणं नसतील, तर नको. ज्यांना काहीही दुखत नाही अशा लोकांचे स्कॅन एकत्र पाहिले, तेव्हा पन्नाशीतल्या साधारण ८० टक्के लोकांच्या गादीत झीज दिसली, आणि विशीतल्याही ३७ टक्क्यांच्या. केस पिकतात तशी ती झीज आहे. रिपोर्टमधली ‘गादी दबली’ ही ओळ वाचून महिना महिना पलंगावर पडून राहिलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांचं नुकसान गादीने नाही, त्या पडून राहण्याने झालं.

किती वेळा यावं लागेल? पॅकेज आहे का?

पॅकेज नाही. ताज्या चमकेला साधारण दोन-तीन आठवड्यांत थोड्याच भेटी. चार भेटींनंतरही काहीच फरक नसेल, तर माझं निदान चुकलं असं धरून मी तुम्हाला दुसरीकडे पाठवते. पहिल्याच दिवशी चाळीस भेटींचे पैसे मागणाऱ्याला नाही म्हणा.

अपेक्षाही बेताची ठेवा. अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संस्थेने २०१७ मध्ये ताज्या कंबरदुखीसाठी औषधांच्या आधी शेक, मसाज, मणक्यावरचे हाताचे उपचार असे पर्याय सुचवले. ब्रिटनच्या २०१६ च्या सूचना म्हणतात, हाताचे उपचार द्या, पण व्यायामासोबतच. मला ब्रिटनची वाट पटते. मी सांधा मोकळा करते तो तुम्हाला हलता यावं म्हणून. इतवारीतल्या दुकानात गादीवर दहा तास मांडी घालून बसणारे व्यापारी माझ्याकडून मोकळे होऊन गेले आणि पुन्हा दहा तास बसले, तर आठवड्यात परत येतात. त्यांना मी एवढंच सांगते, प्रत्येक गिऱ्हाइकाला माल दाखवायला स्वतः उठा, पोऱ्याला उठवू नका.

याने बीपी, शुगर, दमा बरा होतो म्हणतात?

नाही. चालू औषधं माझ्या किंवा कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका.

उपचारानंतर अंग दुखलं तर?

साधारण निम्म्या लोकांना हलकं दुखतं किंवा थकवा येतो. एक-दोन दिवसांत तो जातो. हातापायात नव्या मुंग्या, बधिरपणा किंवा जोर कमी वाटला तर थांबू नका, लगेच फोन करा.

बायकांना तपासताना कपडे काढावे लागतात का?

सैल कुर्ता किंवा टी-शर्ट आणि सलवार घालून या, त्यावरूनच बरंच कळतं. पाठ उघडी पाहायची असेल तर मागून उघडणारा गाऊन आणि चादर मिळते. सोबत आई, बहीण, नवरा, ज्यांना हवं त्यांना बसू देते. कुठे हात लावणार आणि का, हे आधी सांगते. ‘नको’ म्हटलं की तिथेच थांबते. हाच नियम पुरुषांनाही.

पहिल्या भेटीला काय आणू?

जुने रिपोर्ट असतील तर सगळे आणा, नुसता शेवटचा नव्हे. औषधांची नावं तोंडपाठ नसतील तर गोळ्यांची पाकिटंच पिशवीत टाका. सिकलसेलचं कार्ड असेल तर तेही आणा. चमक ताजी असेल तर स्कूटीवर खड्डे मोजत येऊ नका, कोणालातरी सोडायला सांगा किंवा मेट्रोने या. आणि दुखणं सुरू झालं त्या दिवशी तुम्ही काय करत होतात ते आठवून या, अगदी बादली कुठल्या हातात होती इथपर्यंत.